सहा फूट नळीचा प्रश्न

खाडीच्या मुखाशी आउटबोर्ड इंजिन बंद पडलं की बोटवाला आधी दहा वेळा दोरी ओढतो, मग प्लग काढून पुसतो, मग कार्ब्युरेटरच्या नावानं बोटं मोडतो. कोणाच्या तरी बोटीमागे बांधून कसाबसा किनारा गाठल्यावर मिस्त्री येतो, दोरी ओढतो आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं. दोष इंजिनात नव्हताच. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला होता आणि मधल्या गडबडीत कोणीतरी तो सैल केला होता.

इंजिन कुठल्या कंपनीचं, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, पंख्याचा पिच किती यावर तासन्‌तास वाद घालणारी मंडळी टाकी आणि नळी मात्र इंजिनासोबत आली तीच वर्षानुवर्षं वापरतात. नळी फुटलीच तर हार्डवेअरच्या दुकानातून मिळेल ती पारदर्शक नळी आणतात आणि तारेनं आवळतात. हा आढावा पाच ते पंचवीस अश्वशक्तीच्या उघड्या बोटींपुरता आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. टाकीवर लोक वाजवीपेक्षा जास्त डोकं खपवतात आणि नळीवर फारच कमी. त्यात आता पंपावर मिळणारं पेट्रोल बदललं आहे, त्यामुळे नळी ही एकदा घेऊन विसरायची वस्तू राहिलेली नाही. इंजिन ऑइलसारखी ती ठरल्या वेळी बदलायला हवी.

कारण कळायला एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आउटबोर्डचा पेट्रोल पंप इंजिनावर असतो आणि टाकी त्याच्या खाली, बोटीच्या तळाशी. नळीत दाब नसतो, ओढ असते. दाबाच्या नळीला चीर गेली तर पेट्रोल बाहेर येतं, वास सुटतो, थेंब दिसतो. ओढीच्या नळीला चीर गेली तर बाहेरची हवा आत शिरते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. संथ चालताना इंजिन कुरकुर करत नाही. पूर्ण वेग दिला की खोकायला लागतं, वेग कमी केला की पुन्हा सुरळीत. अशी लक्षणं दिसली की शंभरातले बहुतेक जण जेट साफ करायला बसतात.

पूर्वी मामला वेगळा होता. ओले एव्हिनरूडनं १९०९ मध्ये आपलं आउटबोर्ड बाजारात आणलं तेव्हा टाकी इंजिनालाच जोडलेली असे. आजही दोन-तीन अश्वशक्तीच्या इंजिनात लिटरभराची टाकी डोक्यावरच असते आणि पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरतं. १९४९ मध्ये जॉन्सन कंपनीनं दहा अश्वशक्तीच्या इंजिनासोबत वेगळी, हातात उचलून नेण्याजोगी टाकी दिली. तिला दुहेरी नळी होती. एकीतून इंजिनाच्या क्रँककेसमधला दाब टाकीत येई आणि दुसरीतून त्या दाबाच्या रेट्यानं पेट्रोल इंजिनाकडे जाई. पायाशी दाबाखाली ठेवलेली पेट्रोलची टाकी ही कल्पना आज अंगावर काटा आणते, पण त्या काळी ती मोठी सोय वाटली. १९६० च्या आसपास इंजिनावरच पडद्याचा पंप बसू लागला, दुसरी नळी गेली आणि टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू आला. निघताना तो सैल करायचा, टाकी उचलून नेताना घट्ट करायचा.

गंमत अशी की दाबाची टाकी पन्नास वर्षांनी मागच्या दारानं परत आली. पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २००८ मध्ये नियम केले. त्यानुसार २०११ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या सुट्या बोटटाक्या आपोआप बंद राहतात आणि आतला दाब ५ पीएसआयपर्यंत चढेतो वाफ सोडत नाहीत. इंजिन पेट्रोल ओढतं तेव्हा बाहेरची हवा आत येते, आतली वाफ मात्र बाहेर जात नाही. कल्पना चांगली आहे. पण वैशाखाच्या उन्हात वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीत अशी टाकी टम्म फुगते. त्यात नळीतल्या झडपा जुन्या असल्या, तर हा दाब पेट्रोल इंजिनात ढकलतो. कार्ब्युरेटर ओसंडतो, पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो आणि दोरी कितीही ओढली तरी इंजिन पेट घेत नाही. यावर उपाय म्हणून टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये एक छोटी झडप बसवतात. इंजिन ओढेल तेव्हाच ती उघडते, टाकी ढकलेल तेव्हा बंद राहते. आयात केलेली टाकी घेताना ही झडप सोबत आहे का ते विचारावं. नसेल तर इंजिन थांबलं की नळी काढून ठेवायची आणि पुन्हा जोडण्याआधी झाकण किंचित सैल करून दाब सोडायचा, ही सवय लावून घ्यावी.

दोन्हींतली कोणती टाकी घ्यावी? टाकी गाडीच्या डिकीतून ने-आण करायची असेल तर आपोआप बंद होणारी बरी, कारण बंद डिकीत वाफ साठणं जिवावर बेतू शकतं. दिवसभर उन्हात उघड्या होडीत राहणार असेल तर मी हाताच्या स्क्रूची जुनी टाकी घेईन. त्यात विसरण्याचा धोका आहे खरा, पण विसरलो तर इंजिन बंद पडतं, पेट्रोल सांडत नाही.

टाकी किती मोठी हा हिशेब कठीण नाही. दहा अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला साडेतीन-चार लिटर पेट्रोल पितं. कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक त्याहून बरंच जास्त. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश शिल्लक, हा दर्यावर्दींचा जुना नियम लावला तर २५ लिटरच्या टाकीत दहाच्या इंजिनाला जाऊन-येऊन चार तास मिळतात. १२ लिटरची टाकी खाडीतल्या खाडीत फिरणाऱ्या पाच-सहा अश्वशक्तीच्या बोटीला पुरते. जास्त लागत असेल तर एक मोठी घेण्याऐवजी दोन लहान घ्याव्यात. २५ लिटर पेट्रोलचं वजन साडेअठरा किलोच्या आसपास भरतं आणि यापेक्षा जड टाकी हलत्या बोटीतून धक्क्यावर उचलून देणं कंबरेला परवडत नाही. शिवाय एका टाकीत पाणी निघालं तर दुसरी शाबूत असते. काठोकाठ भरू नये. सकाळी गार असलेलं २५ लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं की अर्धा लिटर फुगतं, त्याला जागा हवी. आणि टाकी बोटीतून खाली उतरवून जमिनीवर ठेवूनच भरावी, पंपाचं तोंड टाकीच्या गळ्याला टेकवून. बोटीतल्या प्लास्टिकवर किंवा गालिच्यावर ठेवून भरताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

बोटीत टाकी ठेवावी मधल्या फळीखाली, पट्ट्यानं बांधून, खाली रबर किंवा लाकडाची पट्टी देऊन. मागे ठेवली तर इंजिन, माणूस आणि टाकी तिन्हींचा भार एकाच टोकाला येतो आणि नाळ आभाळाकडे जाते. पार नाळेत ठेवली तर नळी लांबते आणि ओढीला अडथळा वाढतो. बंद कप्प्यात मात्र कधीच ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीनं जड असते, ती तळाशी साचून राहते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आत असलं तरी ठिणगीला पुरतं.

टाकी कशाची, यावर फार वेळ घालवायचं कारण नाही. पत्र्याची टाकी खाऱ्या पाण्यात तळाच्या कडेपासून गंजते आणि गंज आतून सुटून नळीत येतो. जाड, रंगीत, अपारदर्शक पॉलिथिलीनची, बोटींसाठीच बनवलेली टाकी दहा-बारा वर्षं सहज टिकते. ऊन तिचा शत्रू, म्हणून वर काहीतरी झाकावं. खाद्यतेलाचा रिकामा कॅन त्याच प्लास्टिकचा असतो असं सांगणारे भेटतात. असेलही, पण त्याची भिंत पातळ, झाकणाला हवेची वाट नाही आणि पेट्रोल ओढायची दांडी मुळात नसतेच. मग झाकणाला भोक पाडून नळी खुपसली जाते आणि लाटेसरशी पेट्रोल पायावर येतं.

खरा घोळ बोटीत कायमच्या बसवलेल्या टाक्यांचा. एफआरपीची, म्हणजे फायबरग्लासची होडी बांधून घेताना कारागीर म्हणतो, बैठकीखालीच टाकी घडवून देतो, वेगळा खर्च नको. डिझेलसाठी हे चालून जातं. पेट्रोलसाठी स्वच्छ नाही म्हणावं. न्यूयॉर्क आणि कनेटिकट या राज्यांनी जानेवारी २००४ पासून पेट्रोलमधल्या एमटीबीई या रसायनावर बंदी घातली आणि त्याच्या जागी इथेनॉल आलं. त्यानंतर लाँग आयलंड साउंड परिसरातल्या जुन्या नौकांच्या फायबरग्लासच्या टाक्या आतून मऊ पडू लागल्या, त्यातली राळ विरघळली आणि काळ्या डांबरासारखा थर इंजिनाच्या झडपांवर जमला. वीस-तीस वर्षं निर्धोक चाललेल्या टाक्या होत्या त्या. अ‍ॅल्युमिनियमची टाकी घ्यायची तर तिच्याभोवती ओला फोम साचू देऊ नये, नाहीतर तिला खड्डे पडतात. प्लास्टिकची पहिल्यांदा भरल्यावर दोन टक्क्यांच्या आसपास फुगते, म्हणून चौकटीत घट्ट ठोकून बसवू नये. आणि जनरेटरच्या टाकीसारखा तळाशी कॉक असलेली टाकी बोटीत नकोच. पेट्रोलच्या बोटटाकीला सगळी तोंडं वरच्या बाजूला, हा बोटबांधणीचा दंडक आहे. तळाचा जोड सुटला तर सगळी टाकी बोटीत रिकामी होते.

आता पेट्रोल. इथेनॉल मिसळण्याची सुरुवात आपल्याच घरातून झाली. २००१ मध्ये देशात तीन ठिकाणी प्रयोग झाले, त्यातली दोन महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. पुढे देशभरात सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. दुसरीकडे बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत मर्यादा लिहिलेली असते दहा टक्के. ही नुसती कागदोपत्री सावधगिरी नाही. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मर्क्युरीची तीन आउटबोर्ड इंजिनं पंधरा टक्के इथेनॉलवर पूर्ण वेगात तीनशे तास चालवायची ठरली. मोठ्या दोन इंजिनांत बेअरिंग आणि झडपांचं नुकसान झालं. ९.९ अश्वशक्तीचं लहान इंजिन तगलं, पण त्याच्या पेट्रोल पंपाचं गॅस्केट खराब झालेलं दिसलं. आपल्याकडच्या लहान बोटींना याच ताकदीची इंजिनं असतात आणि आपण त्यांत वीस टक्के घालतो आहोत.

इथेनॉल रबराला फुगवतं, स्वस्त नळीतलं मऊपण धुऊन काढतं आणि हवेतला ओलावा शोषून घेतं. दहा टक्क्यांचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेतं, वीस टक्क्यांचं त्याहून जास्त. सोसण्याची हद्द संपली की मात्र पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, जिथून इंजिन ओढतं नेमकं तिथेच. टू-स्ट्रोकवाल्याला याचा फटका दुहेरी. त्यानं मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, खालच्या थरात ऑइल नसतं, आणि त्यावर चाललेलं इंजिन जाम होतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असल्यानं वरच्या तीन भागांच्या हिशेबातही सहा-सात टक्के तूट धरूनच निघावं.

नळी निवडायला याच कारणानं वेळ द्यावा. चांगल्या बोटनळीवर एक ओळ छापलेली असते, ती वाचावी. आयएसओ ७८४० म्हणजे आगीत अडीच मिनिटं तग धरणारी, आयएसओ ८४६९ म्हणजे तशी नसलेली. उघड्या होडीत सुट्या टाकीसाठी दुसरी चालते. नळी फळ्यांखालून किंवा बंद जागेतून जाणार असेल तर पहिलीच घ्यावी. सोबतच्या अक्षरांत ए म्हणजे आग सोसणारी आणि बी म्हणजे न सोसणारी. पुढचा आकडा १ असेल तर नळीच्या भिंतीतून दिवसाला चौरस मीटरमागे १०० ग्रॅमपेक्षा जास्त पेट्रोल झिरपत नाही, २ असेल तर ३०० ग्रॅमपर्यंत. शेवटी १५ असेल तर फक्त १५ ग्रॅम, आणि आजच्या पेट्रोलला तीच सगळ्यात योग्य. मोटारगाडीची चांगली नळी ही तडजोड झाली. पारदर्शक पीव्हीसीची नळी म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आत पेट्रोल दिसतं म्हणून ती लोकांना आवडते, पण काही महिन्यांत ती पिवळी पडते, कडक होते आणि जोडाच्या जागी तडकते.

आतला व्यास कमी घेऊन पैसे वाचवू नयेत. इतक्या संथ प्रवाहात अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरची नळी टाकली तर अडथळा एक तृतीयांशाहूनही कमी होतो. दहा अश्वशक्तीपर्यंत ६ चालते, त्यापुढे ८ घ्यावी.

जोडांची कथा तीच. प्रत्येक कंपनीचा खटक्याचा जोड वेगळा, आणि दुसऱ्याचा ठोकून बसवला तर बसतोही, पण हवा ओढतो. जोडाच्या पोटातली ओ-रिंग कमरेच्या काळ्या गोफाएवढीही जाड नसते, मात्र पूर्ण वेगात खोकणाऱ्या कितीतरी इंजिनांचं दुखणं तिच्यातच असतं. इथेनॉलनं ती फुगते, वाळल्यावर आक्रसते आणि मग तिचा काठ चपटा होतो. नखानं काढून बघितली की कळतं. जोड आवळायला तार किंवा केबल टाय नको, तार नळीला एका रेघेत कापते. स्क्रूसकट पूर्ण स्टेनलेसची होज क्लिप घ्यावी, कारण बऱ्याच क्लिपांची पट्टी स्टेनलेस असते आणि स्क्रू साधा, तो पहिल्याच मोसमात गंजून बसतो.

नळीच्या मधला रबरी फुगा मात्र फार बोलका असतो. त्याच्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. दाबताना इंजिनाकडचं टोक वर धरून तो उभा धरावा, म्हणजे आतल्या झडपा नीट बसतात. दोन-चार दाबांत तो कडक झाला तर सगळं ठीक. कितीही दाबला तरी मऊच राहिला तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा त्याची झडप गेली आहे. चालत्या इंजिनात तो चपटा होऊन चिकटला तर अडथळा त्याच्या मागे, टाकीकडे आहे: हवेचा स्क्रू, दांडीच्या टोकाची जाळी किंवा आतून अस्तर सुटून दुमडलेली नळी. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या नळीचं अस्तर असं आतल्या आत सुटू शकतं, आणि ते कापल्याशिवाय दिसत नाही. खोकणाऱ्या इंजिनाला फुगा दाबत राहिल्यावर बरं वाटत असेल तर इंजिनाला हात लावू नये. फुग्यापासून टाकीपर्यंतचा भाग आणि पंपाचा पडदा आधी तपासावा.

पाणी वेगळं करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर घ्या असं सगळेच सांगतात. वीस अश्वशक्तीच्या पुढे आणि कायमच्या टाकीला तो हवाच. दहाच्या आतल्या सुट्या टाकीच्या बोटीला मी तो लावणार नाही. त्यानं दोन जोड वाढतात, आणि जोड म्हणजे हवेची दोन नवी दारं. त्यापेक्षा आठवड्याला टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून बघावं, पाणी वेगळं दिसतं.

कायद्याचं एक कलम बोटवाल्यांना सहसा माहीत नसतं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या कलम ८ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय तीस लिटरपर्यंतच बाळगता येतं, तेही घट्ट झाकणाच्या, पंचवीस लिटरपर्यंतच्या धातूच्या भांड्यात. इंजिनाला जोडलेली टाकी वेगळ्या कलमात येते. सोबतच्या जादा कॅनला मात्र भांड्याची हीच अट लागू, आणि पंपावरचा माणूस प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल द्यायला नकार देतो तो उगाच नव्हे. या सगळ्याचं नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे, समुद्रापासून जितकं दूर जाता येईल तितकं.

कोकणात या पेट्रोलाचा सगळ्यात वाईट काळ म्हणजे पावसाळा. जूनपासून बोटी शाकारून ठेवल्या जातात, हवा ओलीचिंब असते आणि अर्धी भरलेली टाकी पडवीत दोन-अडीच महिने तशीच राहते. टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं नसेल तर मेअखेरीस टाकीतलं सगळं पेट्रोल मोटारसायकलला घालून संपवावं. नळी काढून इंजिन चालू ठेवावं, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. नळीतलं उरलेलं पेट्रोल ओतून ती सावलीत, वळसा न देता टांगावी. नारळी पौर्णिमेच्या आधी बोट उतरवताना दोन्ही जोडांच्या ओ-रिंग नव्या घालाव्यात, आणि नळी चार-पाच मोसमांची झाली असेल तर फुग्यासकट नवी आणावी, जुनी कितीही धड दिसत असली तरी.